पहिल्या ट्रायथलॉनला निघालात? आधी विहिरीत उतरा

कोल्हापूरच्या राजाराम तलावात शंभरएक मीटर गेले आणि मला श्वासच घेता येईना. दमले नव्हते. तलावाच्या पाण्यात स्वतःचा हात कोपरापर्यंत दिसत होता, त्यापुढं सगळं हिरवट-काळं. कुणाची तरी टाच कपाळावर बसली, गॉगलमध्ये पाणी शिरलं आणि चार महिने केलेली तयारी डोक्यातून साफ उडाली. शेजारी कयाकमध्ये, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीत, एक पोरगा होता. मी हात वर केला. तो म्हणाला, "काकू, धरा की निवांत. पुढं तेवढं वडू नका." मी कयाकची कड धरली, वीस श्वास मोजले, सोडली आणि पुढं निघाले. कयाक किंवा दोर धरून थांबायला परवानगी असते, त्याच्या आधारानं पुढं सरकायचं नसतं. हे मला आदल्या दिवशीच्या सूचनांमध्ये सांगितलं होतं. तेव्हा मी शेजारच्या बाईंची सायकल बघत बसले होते.

मी कराडची. वय ४३, शाळेत गणित शिकवते, खेळाडू वगैरे कधीच नव्हते. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं, तिन्ही एकामागोमाग. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं हे सगळं मिळून मला २ तास २ मिनिटं लागली. पाण्यात २४ मिनिटं, सायकलवर ५२, पळताना ३७. उरलेली नऊ मिनिटं कपडे-बूट-हेल्मेट या गोंधळात गेली. त्या नऊ मिनिटांनी आणि त्या वीस श्वासांनी जे शिकवलं ते खाली लिहिते आहे.

१. अंतर ठरवा, आणि छोटंच ठरवा

नावांनी घाबरू नका, मुख्य अंतरं चारच आहेत. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटर. ऑलिंपिक म्हणजे त्याच्या बरोब्बर दुप्पट: १.५, ४०, १० किलोमीटर. (२००० साली सिडनीला ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आली ती याच अंतरानं, म्हणून हे नाव.) हाफ म्हणजे १.९, ९० आणि २१.१. फुल म्हणजे ३.८, १८० आणि ४२.२. "सत्तर पॉइंट तीन" असं जे सारखं कानावर येतं ते हाफच. मैलांतली तिन्ही अंतरं मिळवली की ७०.३ येतात, किलोमीटरमध्ये ११३.

२०१९ मध्ये गोव्यात मिरामारला सत्तर पॉइंट तीन सुरू झाली आणि आपल्याकडं एकदम लाट आली. मित्राच्या गळ्यातलं पदक बघून थेट तिथंच नाव घालणारे मला माहीत आहेत. पहिल्याच वेळी समुद्र आणि पुढं कोकणपट्टीच्या दमट उन्हात एकवीस किलोमीटर, हे करू नका. जवळच्या तलावातली किंवा जलतरण तलावातली स्प्रिंट धरा. घरापासून दोन-तीन तासांच्या आत असेल तर उत्तम, कारण सायकल न्यायची असते आणि परत येताना तुम्ही गाडी चालवण्याच्या अवस्थेत नसता.

तुम्हाला आज न थांबता ४०० मीटर पोहता येत असेल आणि ५ किलोमीटर पळता येत असेल, तर बारा आठवडे पुरेत. पोहणं नवीन असेल तर शर्यतीचं नाव काढू नका, आधी पोहायला शिका.

२. फॉर्म आणि कागदपत्रं

- फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ प्रत. मोबाइलमधला फोटो सगळीकडं चालतोच असं नाही.
- नोंदणीचा ईमेल, शक्यतो छापून.
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. फॅमिली डॉक्टरांचं बहुधा चालतं, पण तारीख बघून घ्या, सहा महिन्यांपूर्वीचं नको. चाळिशी उलटली असेल तर कागदासाठी नव्हे, स्वतःसाठी रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या.
- सही केलेलं हमीपत्र. ते न वाचता सही करतात सगळे. तुम्ही वाचा, वेळेच्या मर्यादा बऱ्याचदा त्याच्याच मागच्या पानावर असतात.
- रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर. हा माणूस शर्यतीत भाग घेणारा नसावा. आमच्या ग्रुपमध्ये नवरा-बायकोनं एकमेकांचे नंबर दिले होते आणि दोघंही पाण्यात.

बायकांसाठी एक खास खड्डा: फॉर्मवर सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं, असं करू नका. बिब (अंगावर लावायचा नंबराचा कागद) घेताना माझी यातच अर्धा तास उलटतपासणी झाली. आणि पाळीची तारीख कॅलेंडरवर आधीच बघून ठेवा, म्हणजे ऐन वेळी डोक्याला ताप नाही.

दुसऱ्याच्या नावावरचा बिब लावून उतरू नका. "तो येणार नाही, तू जा" असं सांगणारे भेटतात. पाण्यात काही झालं तर लोक तुमच्यावर त्या माणसाच्या कागदानुसार उपचार करायला जातील.

३. सामान

यात पैसे उडवायचा मोह होतो. गरज एवढ्याचीच असते: बसणारा गॉगल आणि तसाच एक जादा, ट्रायसूट, चालू स्थितीतली सायकल, हेल्मेट, सवयीचे बूट, बिब लावायचा इलॅस्टिकचा पट्टा, एक बाटली, एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप. पोहायची टोपी बहुतेक ठिकाणी आयोजकच देतात. वेटसूटच्या (थंड पाण्यात घालायच्या रबरी सूटच्या) भानगडीत पडू नका, आपल्याकडचं पाणी त्यासाठी फार कोमट आहे.

ट्रायसूट म्हणजे पोहायला, सायकलला आणि पळायला एकच अंगसरशी झबलं. कपडे बदलायला वेळ आणि आडोसा दोन्ही मिळत नाही, म्हणून ते लागतं. पहिल्यांदा घातलं तेव्हा मी आरशासमोरून बाजूला झाले. तलावावर तीनशे माणसं त्याच वेषात असल्यावर कुणी कुणाकडं बघत नाही. फार वाटलं तर पाण्यातून आल्यावर वरून टी-शर्ट चढवा, दहा सेकंद जातात.

सायकल महागाची नको. माझी जुनी घेतलेली हायब्रिड आहे, तिचं वजन मला माहीत नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही. पण तीन गोष्टी तपासणारे तपासतात: दोन्ही ब्रेक, हेल्मेटचा पट्टा आणि हँडलच्या टोकांची बुचं. बूच पडलेलं उघडं नळकांडं पडल्यावर पोटात घुसतं, म्हणून त्याशिवाय सायकल आत घेत नाहीत. चिकटपट्टी न्या बरोबर, निदान दुसऱ्याला उपयोगी पडेल.

ट्यूब न्यायची तर व्हॉल्व बघा. बारीक तोंडाच्या व्हॉल्वला आपला नेहमीचा पंप बसत नाही. पंक्चर घरी दोनदा काढून बघितलेलं असावं, मागच्या चाकाचं.

४. पाणी: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

सायकल आणि पळणं यात दमलात तर थांबता येतं. पाण्यात पायाखाली जमीन नसते आणि डोक्याला ते बरोब्बर कळतं.

जलतरण तलावात २५ मीटरच्या तीस फेऱ्या मारल्या की आपल्याला वाटतं ७५० मीटर जमले. जमलेले नसतात. दर पंचवीस मीटरला भिंतीला पाय लावून आपण फुकटचे तीन-चार मीटर मिळवतो, अर्धा श्वास जास्त घेतो, आणि तळाची निळी रेघ आपल्याला सरळ नेते. तलावात ना भिंत ना रेघ.

मी सरावासाठी माहेरच्या विहिरीत उतरले. तिथंच लहानपणी दादांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकललं होतं. भोपळा, डबा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधून विहिरीत शिकलेली मंडळी ट्रायथलॉनच्या पाण्यात शहरातल्या क्लासवाल्यांपेक्षा शांत असतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांची शैली बघवत नाही, पण काळ्या पाण्याची भीती त्यांना सातव्या वर्षीच भेटून गेलेली असते.

विहीर मोठी हवी. आमची बारा मीटर रुंदीची, कडेकडेनं एक फेरी साधारण तीस मीटरची. पंचवीस फेऱ्या म्हणजे ७५०. दर पाच फेऱ्यांनी दिशा बदलायची, नाही तर भोवळ येते आणि मान एका बाजूला अवघडते. धाकटा भाऊ पायऱ्यांवर दोर आणि ट्रकची ट्यूब घेऊन बसायचा आणि तोंडानं आकडे मोजायचा, तेही चुकवायचा.

विहिरीचे नियम मात्र चुकवायचे नाहीत:

- पंपाची मोटर बंद, नुसती बटणाला नाही, फ्यूज काढून. ओल्या विहिरीत वीज उतरून माणसं गेलेली आहेत.
- रोजच्या वापरातलीच विहीर. पडीक, झाकलेल्या विहिरीत खाली विषारी वायू साठलेला असू शकतो.
- चढायला पायऱ्या हव्यात. दमलेल्या हातांनी दोर चढता येत नाही.
- काठावर पोहता येणारं माणूस, फोनमध्ये डोकं न घातलेलं.

नदीचं काय, असं विचारतात. कराडात प्रीतिसंगम दारात असूनही मी नदीत सराव केला नाही. धरणातून पाणी सोडलं की पातळी आणि ओढ दोन्ही बदलतात. खाली सांगलीच्या बाजूला तर कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्लेही झालेले आहेत. नदीत पोहणारा जुना, माहितगार गट असेल तर त्यांच्याबरोबर, त्यांच्या घाटावर आणि नारिंगी फुगा कमरेला बांधून. एकट्यानं नाही.

सराव कशाचा? तीन गोष्टींचा.

बोया (मार्ग दाखवणारा पाण्यावरचा तरंगता फुगा) बघण्याचा. दर सहा-आठ हात मारले की डोळे पाण्याबाहेर येतील एवढंच डोकं उचलायचं, बोया बघायचा, मग कुशीला वळून श्वास. अख्खं डोकं वर काढलं की पाय बुडतात.

उताणं होण्याचा. धाप लागली की पाठीवर वळून तोंडानं लांब "हूं" करत श्वास सोडायचा. घाबरलेला माणूस श्वास घेतच राहतो, सोडत नाही, आणि मग छाती भरून येते. हे विहिरीत मुद्दाम करून बघा, दर आठवड्याला.

गर्दीचा. दोन-तीन जण मिळाले तर अंगाला अंग लावून पोहा, एकमेकांच्या पायावर हात पडू द्या. मी हा सराव केला नाही. टाच कपाळावर बसली ती त्यामुळंच.

५. आठवड्याचं गणित

शाळा, घर, डबे सांभाळून माझं असं बसलं: पोहणं तीन दिवस, सायकल दोन, पळणं दोन. एक दिवस काहीच नाही, म्हणजे एका दिवशी दोन गोष्टी यायच्या. त्या दोन गोष्टी एकामागोमाग करणं हाच मोठा सराव. पोरं त्याला "ब्रिक" म्हणतात. सायकलवरून उतरून लगेच पळायला लागलं की पाय दुसऱ्याचे उसने आणल्यासारखे वाटतात. दर दुसऱ्या रविवारी पाटण रस्त्यावर पंचवीस किलोमीटर सायकल, ती दारात टेकवायची आणि पाणीसुद्धा न पिता दोन किलोमीटर पळायचं. सहा-सात वेळा केल्यावर पाय ओळख द्यायला लागतात.

शेवटच्या आठवड्यात सराव अर्ध्यावर आणा. राहिलेलं भरून काढायची ती वेळ नाही.

६. आदला दिवस

बिब, टोपी आणि चिप (वेळ मोजणारी, घोट्याला बांधायची) घ्या, सूचना ऐका (पहिला परिच्छेद आठवा), आणि सायकल लावायच्या जागेवर एकदा चालून या. या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. पाण्यातून कुठून येणार, सायकल घेऊन कुठून बाहेर पडणार, पळायला कुठून जाणार, हे तिन्ही रस्ते पायांनी चालून बघा.

तुमची सायकल कुठं आहे हे रांगा मोजून लक्षात ठेवा. मी खूण धरली होती: शेजारी लालभडक सायकल. पाण्यातून धावत आले तर लाल सायकल कुठंच नाही. तिची मालकीण माझ्या आधी पाण्यातून येऊन केव्हाच निघून गेली होती. मी ओल्या अंगानं दोन रांगा पालथ्या घातल्या.

सायकल रात्रभर तिथंच ठेवायची असेल तर टायरमधली थोडी हवा कमी करा आणि सकाळी भरा. गिअर हलक्यावर टाकून ठेवा, बाहेर पडताना चढ असला तर आशीर्वाद द्याल.

जेवण घरचं. भात, आमटी, भाजी. कोल्हापुरात आलोच आहोत तर तांबडा-पांढरा होऊन जाऊ दे, हे शर्यतीनंतर. आदल्या रात्री मिसळीकडं बघूसुद्धा नका.

७. सकाळ

सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी केळी, पोळीला गूळ-तूप, चहा. नवीन काही नाही. चिप डाव्या घोट्याला बांधतात, कारण सायकलची साखळी उजवीकडं असते. दंडावर नंबर लिहून घ्यायचा असेल तर आधी लिहा, मग क्रीम लावा.

पाण्यात आधी उतरू देत असतील तर पाच मिनिटं पोहून घ्या. देत नसतील तर तोंडावर, मानेवर पाणी मारा. घोळक्यात मागं आणि कडेला उभं राहा. पुढच्यांना जाऊ द्या, दहा सेकंद मोजा, मग सुरुवात करा. पहिले शंभर मीटर लाज वाटेल इतके हळू. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, उताणं पोहणंही चालतं. मदत हवी असेल तर हात वर.

८. पाण्यातून सायकलवर: एकच क्रम पाठ करा

हेल्मेट, पट्टा, मग सायकल. बाकी सगळं मागं-पुढं झालं तरी चालतं.

हेल्मेटचा पट्टा "टक" असा लागल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढायची नाही. परत आल्यावरही सायकल जागेवर लावल्यावरच पट्टा सोडायचा. मी पट्टा लोंबकळत ठेवून सायकल ओढली, पंचांनी शिट्टी मारली, सायकल परत लावून पहिल्यापासून. बरोबरच होतं त्यांचं.

ट्रान्झिशनच्या आत सायकल चालवत न्यायची नाही, हातात धरून न्यायची. बाहेर जमिनीवर रेघ असते, ती ओलांडली की बसायचं. येताना तशाच रेघेच्या आधी उतरायचं. बिब सायकलवर पाठीमागं आणि पळताना पुढं, म्हणून तो इलॅस्टिकचा पट्टा: नुसता फिरवायचा. टॉवेल रुमालाएवढाच न्या, त्यावर हेल्मेट उलटं, त्यात उन्हाचा गॉगल, शेजारी तोंडं उघडी करून ठेवलेले बूट. ओल्या पायात मोजे चढत नाहीत. आत आधी टाल्कम पावडर भुरभुरा आणि गुंडाळून ठेवा.

९. सायकल

पहिली पाच मिनिटं काही खाऊ नका, पोहताना हवा गिळलेली असते, पोट डुचमळतं. मग घोट-घोट लिंबू-मीठ-साखर. स्प्रिंटला एक बाटली आणि अर्धं केळं पुष्कळ. चिक्की नेऊ नका, धाप लागलेली असताना शेंगदाण्याचा कण घशात गेला की दोन किलोमीटर खोकत जाता.

दुसऱ्याच्या मागं चिकटून चालवलं की वारा कमी लागतो आणि फुकट वेग मिळतो. हौशी शर्यतीत त्याला बहुधा बंदी असते. पुढच्यापासून दहा-बारा मीटर अंतर ठेवायचं (नेमका आकडा तुमच्या शर्यतीच्या नियमावलीत असतो), डाव्या कडेनं चालवायचं, उजवीकडून ओलांडायचं आणि ओलांडताना रेंगाळायचं नाही. कानात इअरफोन नाही.

रस्ता पूर्ण बंद केलेला असेल असं धरून चालू नका. मला एक म्हैस आडवी आली. तिचा बिब नव्हता.

१०. पळणं

पहिला किलोमीटर हळू. पाय लाकडाचे असतील, ते तसेच असतात, आठ-दहा मिनिटांत सुटतात. पाण्याच्या टेबलाजवळ चालत प्या, धावत प्यायला गेलात तर अर्धं नाकात. पायात गोळा आला तर थांबून ताणा. चालणं नियमात बसतं, मी दोनदा चालले. उन्हात अंगावर शिरशिरी आली किंवा डोकं गरगरलं तर मात्र रेटायचं नाही, जो स्वयंसेवक दिसेल त्याला सांगून बसायचं.

शेवटचे दोनशे मीटर छाती काढून पळा, तिथं फोटो काढणारा असतो.

११. संपल्यावर

लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा. मीठ आणि पाणी पोटात जाऊ द्या. सायकल ताब्यात घेताना बिबचा आणि सायकलचा नंबर जुळवून बघतात, म्हणून बिब फेकून देऊ नका. घरी गेल्यावर साखळी त्याच दिवशी पुसून तेल द्या, अंगावरून ठिबकलेल्या पाण्यानं आणि घामानं ती गंजते.

आणि चिप परत करा. मी पदक, केळी, जिलेबी सगळं घेतलं आणि निघाले. किणी टोलनाक्यावर भावाचं लक्ष माझ्या घोट्याकडं गेलं. गाडी फिरवावी लागली.